साठ-बारा

६ मे

निघाला! मोटरसायकलचा सिलिंडर एकदाचा निघाला. हातोडीच्या दांड्यानं चारी बाजूंनी ठोकून ठोकून हात बधिर झाला, पण निघाला. आत जे दिसलं ते बघून मात्र तोंडातून शिवीच गेली. पिस्टनच्या दोन रिंगांपैकी वरची काजळीनं खाचेत चिकटून बसलेली, आणि खालचीचे तुकडे! पिस्टनच्या अंगावर चरे. किक मारली की पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जायचा, तो ह्याचमुळे.

सासूबाई गोठ्याच्या दारात येऊन उभ्या. "सुनेनं इंजिन फोडलं म्हणून गावभर बोभाटा होईल."

"आपा, बोभाटा करायला गावात उरलंय कोण? मेकॅनिकसुद्धा रशियात विटा उचलतोय."

"आणि तो डोक्याचा रुमाल आहे की गाडी पुसायचं फडकं?"

रुमाल खरोखरच काळा झाला होता.

माहेरी वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, मी त्यांना पान्हे द्यायची. म्हणजे दहाचा मागितला की बाराचा द्यायची नि बोलणी खायची. तेवढंच माझं शिक्षण. पण करायलाच हवं. नवरा जुलैत रशियातून येतोय, गवत कापायला. हिवाळ्यात फोनवर स्वतः म्हणाला – "गाडी चालू असती तर वरच्या कुरणातलं गवत आपणच कापून विकलं असतं. मग कशाला यायचं परत ह्या येकातेरिनबुर्गला मरायला?" माझ्या कानांनी ऐकलंय! म्हणजे गाडी सुरू झाली की नवरा घरी राहणार. सरळ आहे.

चार वर्षं झाली त्याला तिकडे. मधे एकदा आला, पाहुण्यासारखा. पदरात मूल नाही. लोक काय बोलतात ते मला ऐकू येतं. तेव्हा हे इंजिन सुरू होणं भाग आहे, बास.

७ मे

गजन पिन, म्हणजे पिस्टनला दांड्याशी जोडणारी, निघत नाही. पिस्टन दांड्याला लटकलेला तसाच. बोटं सोलली.

८ मे

आज कुत्र्याची शिकवणी झाली!

मामंजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. राग नाही काही, त्यांची रीतच तशी. सुनेला काही सांगायचं असेल तर ते अक्तोशला सांगतात. अक्तोश म्हणजे आमचा कुत्रा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा वेडा आहे. "अक्तोश, चहात मीठ कमी पडलंय बरं का." कुत्रा शेपटी हलवणार, मी मीठ आणणार. आता सवय झाली.

आज ते ओट्यावर बसून म्हणाले, "अक्तोश, पिस्टन तापला की फुगतो. मग पिन आपोआप सैल होते. गरम तेलात फडकं बुडवून गुंडाळावं माणसानं. घणाचे घाव घालून काय होणार?"

अक्तोशनं जांभई दिली. मी आत फडकं शोधायला गेले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू नसता तर त्यांनीच केलं असतं हे सगळं. ह्या गाडीवर त्यांनी आयुष्य काढलंय.

९ मे

आज काय झालं तेच मला कळत नाहीये. क्रमानं लिहिते.

विजय दिनाचा सण म्हणून सकाळपासून बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळत होतो. कढई भरून तेल. तेवढ्यात त्याचा फोन आला, सणाच्या शुभेच्छा द्यायला. आमच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त गोठ्यामागच्या उकिरड्यावर. तर सासूबाई नि मामंजी दोघंही उकिरड्यावर चढले. मी पिठाचे हात धुऊन वाट बघत उभी – आता मला देतील, मग देतील. बराच वेळ झाला. खाली आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चार्जिंग संपलं." फोन त्यांच्या मुठीत होता, नि दिवा चालू दिसत होता.

मला आला राग. म्हटलं, जाऊ दे, आपण आपलं काम करावं. समोर कढईत तेल उकळतंय. चिमट्यात फडकं धरलं, बुडवलं, पळत जाऊन पिस्टनला गुंडाळलं. दोन वेळा. तीन वेळा. पिन सुळकन बाहेर! आनंदानं ओरडलेच.

आणि मग कढईकडे पाहिलं. तेल डांबरासारखं काळं. वर अर्धवट तळलेले बोरसोक तरंगतायत, काळे ठिक्कर. पाहुणे यायची वेळ. मेले, म्हटलं.

सासूबाई आल्या. कढईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून तयार! एकदा दुधात केस सापडला तर ह्या बाईनं आठवडाभर मला ऐकवलं होतं. आणि आज काय म्हणाल्या? "असू दे पोरी. हात भाजला नाही ना?"

असू दे पोरी!

आजारी आहेत का? की माझंच काही चुकतंय ऐकण्यात?

१२ मे

पिस्टन नि रिंगा मागवल्या. बिश्केकच्या बाजारातला मेदेर म्हणून सुट्या भागांचा दुकानदार आहे, त्याला उकिरड्यावर चढून फोन केला.

आता इथं माझी गोची. आमच्या गाडीच्या सिलिंडरचा आकडा नेमका मामंजींच्या नावाला जाऊन भिडतो. मामंजी जन्मले तेव्हा त्यांच्या आजोबांचं जेवढं वय होतं, तोच आकडा नाव म्हणून ठेवलेला. साठाच्या पुढे दहा मोजा की आलं त्यांचं नाव. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव तर नाहीच, नावासारखा शब्दसुद्धा नाही. इतर बायकांचं बरं आहे. कुणाचा सासरा 'कुऱ्हाड', कुणाचा 'लांडगा'. कुऱ्हाडीला 'तोडणारी' म्हणायचं नि मोकळं व्हायचं. माझ्या नशिबी आकडा! बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे आडवा येतो. नऊ वर्षं मी 'साठ-दहा' म्हणून वेळ मारून नेतेय. इथं वहीतसुद्धा लिहवत नाही, कुणी बघत नसताना.

सिलिंडरचा आकडा बोलायला गेलं की आमच्या बोलीत आधी त्यांचं नावच येतं, म्हणून आमचा सिलिंडर साठ-बारा मिलिमीटरचा. तसंच सांगितलं. "साठ-बाराचा पिस्टन, दोन रिंगा, पिन, सर्क्लिपा. इझ गाडीचा." पलीकडे खरखर. "कळलं ताई, कळलं! शुक्रवारच्या गाडीनं पाठवतो."

तोवर सिलिंडर रॉकेलनं धुऊन घेतला. आतून बारीक पॉलिश पेपर फिरवला, लाकडाच्या दांड्याला गुंडाळून. गोल गोल नाही, तिरका तिरका. अक्तोशला सांगितलं गेलं होतं तसं.

१६ मे

पार्सल आलं. उघडलं. पिस्टन इवलासा! सिलिंडरमध्ये धरून सोडला तर आरपार खाली येऊन माझ्या पायावर पडला. अंगठा सुजलाय.

उकिरड्यावर चढले. मेदेरला फोन.

"ताई, तुम्ही बासष्ट म्हणालात, बासष्टचा पाठवला. दोन सिलिंडरच्या गाडीचा."

"मी साठ-बारा म्हटलं होतं!"

"साठ-बारा? हा कुठला आकडा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बोलीत बारा म्हणजे 'दहा-दोन'. मी म्हटलं 'साठ दहा दोन'. मधला दहा खरखरीत गळला, नि त्या बाबानं ऐकलं 'साठ दोन'. झालं बासष्ट!

मेदेर एकदम हसायला लागला. "म्हणजे अमुक म्हणायचंय तुम्हाला?" त्यानं खरा आकडा उच्चारला, मी इथं लिहीत नाही. "मग तसं म्हणा ना!"

"कशी म्हणू? सासरे अंगणात बसलेत."

"असं होय! माझ्या आईचंही हेच. सासऱ्याचं नाव मेंढी, तर जन्मभर 'बें करणारी' म्हणाली. अहो पण ताई, आकडा टाकून मेसेज का नाही केलात?"

खरंच, का नाही केला? सुचलंच नाही! जीभ वाकडी करायची इतकी सवय झालेली की बोटं सरळ आहेत ह्याचा विसर पडला. अक्कल गहाण टाकलेली. म्हटलं, आता करते.

फोन ठेवला नि बटणं दाबायला लागले, तेवढ्यात खालून आवाज आला. "थांब."

मी अक्तोशकडे बघितलं. अक्तोश तिथं नव्हताच! मामंजी मान वर करून माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे!

"मेसेज कशाला? फोन लाव. तोंडानं सांग."

"काय सांगू?"

"जो आकडा आहे तो. बहिरा नाही ना तो माणूस."

उकिरड्यावरून उतरले, गोठ्यात गेले, नि मागच्या झरोक्यातून उकिरड्याकडे हात काढून रेंज पकडत मेसेज पाठवला. हे काय होतं? चेष्टा? मामंजी चेष्टा करत नाहीत. मग राग? चुकीचा पिस्टन आला म्हणून? पण आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

१७ मे

डोकं फिरायची वेळ आलीय. सकाळपासून एकच विचार. माहेरच्या गल्लीत एक बाई होती. सासरहून भांडून निघाली तेव्हा दारात उभं राहून तिनं सासऱ्याचं नाव घेतलं, मोठ्यानं. मावशी म्हणायची, नाव घेतलं म्हणजे नातं संपलं, ती परत फिरली नाही.

म्हणजे मामंजी मला तेच सांगतायत का? की नाव घे नि चालती हो? मूल नाही म्हणून? नऊ वर्षांनी? आणि मला हाकलायचंच असेल तर सासूबाईंनी काल माझ्या चहात साय कशाला घातली?

कुठं जाऊ मी! माहेरच्या घरात भावजयीचं राज्य. आणि मला जायचंही नाही. हा गोठा, हे इंजिन, हा कुत्रा – इथं मला माझं काही वाटतं. हे इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं मला.

तो आला की सगळं नीट होईल. तो बापाला विचारेल.

२१ मे

सायरा एजे चाळण परत द्यायला आली. शेजारची; एजे म्हणजे ताई. तिचा मुलगा तिकडे ह्याच्याच साइटवर कामाला आहे. नेहमी आली की त्याच्या गोष्टी सांगून कान किटवते. आज दारातच उभी. माझ्या काळ्या हातांकडे बघत म्हणाली, "जेवतेस ना गं नीट?"

"जेवते की. का?"

"नाही, आपलं असंच. फार गुणाची आहेस बाई तू."

मी गुणाची! हीच सायरा एजे लग्नात म्हणाली होती की नवरीचं नाक जरा जास्तच मोठं आहे. मी विचारणार होते मुलाचं, तर सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला फाटकाबाहेर नेलं. चाळण हातात तशीच. नंतर मीच आणून ठेवली.

संध्याकाळी मेंढपाळ बाकास त्याची धुरकट मोटरसायकल ढकलत आला. मामंजींना मानानं म्हणाला, "अक्साकाल, बघता का जरा?" मामंजी म्हणाले, "माझे डोळे गेले. हिच्याकडे दे. हे काम आता हिचं."

हिच्याकडे. आमच्या सुनेकडे असं नाही म्हणाले. नेहमी 'आमची सून' म्हणतात, लोकांसमोर तर हमखास. मी फार कीस काढतेय का? कदाचित. पण शब्द गेला कुठं?

बाकासला म्हटलं, दोन आठवडे थांब. आधी आमची.

२४ मे

बरोबर पिस्टन आला! बोटानं ढकलला तर सिलिंडरमध्ये हळू, अडखळत, लाजत गेल्यासारखा सरकला. असाच हवा.

रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून टोकांमधली फट मोजली. बरोबर निघाली. मग पिस्टन गरम करून पिन घातली. ह्या वेळी माझ्या स्वतःच्या पातेल्यात तेल तापवलं! पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. इथवर सगळं गोड.

पुढे अडलं. खाचेत एक बारीक खिळा असतो, रिंगची दोन टोकं त्याच्या दोन बाजूंना बसायला हवीत. तशी बसवून, रिंग बोटांनी दाबून धरायची नि वरून सिलिंडर उतरवायचा. टोक सरकलं की रिंग मोडली! दोन हात रिंगला हवेत, दोन सिलिंडरला. मला आहेत दोनच. दातांनी धरणार होते, खरंच.

तेव्हा मामंजी गोठ्यात आले. मी असताना ते कधी गोठ्यात येत नाहीत. काठी भिंतीला टेकवली, जमिनीवर बसले, नि चाचपून दोन्ही रिंगा बोटांत पकडल्या. "उतरव," म्हणाले.

त्यांना दिसत नव्हतं काहीच. पण टोकं खिळ्यावर बसली ते त्यांच्या नखांना कळलं. मी सिलिंडर खाली आणत गेले, ते बोटं काढत गेले. आमचे हात एकमेकांना लागले. सासऱ्याच्या हाताला माझा हात नऊ वर्षांत कधी लागला नव्हता. पहिली रिंग गेली. दुसरी गेली. टुक्! बसला.

"एर्मेकला शिकवायला बसलो होतो मी हे," ते म्हणाले. एर्मेक म्हणजे तो, माझा नवरा. "दोन रिंगा मोडल्या त्यानं. त्याला थांबणं माहीतच नाही. पोरगं चांगलं होतं माझं, पण..."

मी जीव मुठीत धरून विचारलं, "जुलैत येतील ना ते?"

ते काठी शोधत राहिले. काठी त्यांच्या हाताशीच होती. मग म्हणाले, "हेडचे नट आडवे-उभे आवळ. एकाच बाजूनं नको."

हे काय उत्तर झालं?

२५ मे

सुरू झाली! सुरू झाली! सुरू झाली!

किकनं पायाला उलटा हिसका दिला तेव्हाच कळलं, कॉम्प्रेशन आलं. आधी नुसतं फुस्स. मग खोकली. आणि मग जी धडधडली! कोंबड्या छपरावर, अक्तोश पलंगाखाली. निळा धूर सगळ्या अंगणात. सासूबाई दारात उभ्या, डोळ्यांना रुमालाचं टोक. म्हणाल्या, धुरानं पाणी आलं.

नव्या रिंगा आहेत, दामटायची नाही. हळूहळू नदीपर्यंत गेले नि आले. साइडकारमध्ये मामंजी! स्वतःहून बसले. वाऱ्यात दाढी उडत होती, तोंड लहान मुलासारखं. घाटीजवळ इंजिनाच्या आवाजावर ओरडले, "तिसरा गिअर टाक! दम आहे तिच्यात!" मला इतकं बरं वाटलं की मीही मोठ्यानं हसले. सुनेनं सासऱ्यासमोर असं हसायचं नसतं.

व्हिडिओ काढून त्याला पाठवला. खाली लिहिलं – बघ, तुझी गाडी. आता ये.

पाहिला त्यानं. दोन निळ्या खुणा आल्या. मग एक अंगठा आला. वर केलेला अंगठा. बाकी काही नाही.

अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा? येतो? छान? कामात असेल. की तिकडे रात्र झाली असेल? छे, तिकडे आपल्यापेक्षा एकच तास कमी.

२८ मे

काही नाही. फोन लावला तर उचलत नाही.

सासूबाई उकिरड्यावर उभ्या राहून कुणावर तरी ओरडत होत्या. मी दूध काढत होते. तुकडे ऐकू आले – "...तोंड दाखवू नकोस मला... आणि ती काय करील, सांग ना, ती काय करील?... मग तूच सांग तिला, हिंमत असेल तर..." मला वाटलं, शेळ्यांच्या व्यापाऱ्याशी भांडण. पण व्यापाऱ्यावर ओरडून कुणी रडतं का? खाली आल्या नि माझ्याजवळ बादलीशेजारी बसल्या. माझा काळा रुमाल सोडला, स्वतःचा पांढरा माझ्या डोक्याला बांधला. "हा तेलकट होईल, आपा," मी म्हटलं. "होऊ दे," म्हणाल्या.

विचारू का सरळ? विचारलं आणि त्यांनी सांगितलं तर? आज नको. आज बाकासचं इंजिन उघडायचंय.

३१ मे

त्याला तिकडे मुलगा झालाय. मार्चमध्ये. बायको तिकडचीच आहे. तो जुलैत येणार नाही, कधीच येणार नाही. नऊ मेला त्यानं हेच सांगितलं होतं, नि माझ्याशी बोलायला नको म्हणाला होता.

मामंजींनी सांगितलं, चहाच्या वेळी, माझ्याकडे तोंड करून. मग म्हणाले, "त्यानं तुला सोडलं, आम्ही नाही सोडत. हे घर तुझं. पण सून म्हणून राहू नकोस, लेक म्हणून राहा. माझं नाव घे, पोरी."

मी घेतलं. जेतिमिशबाय. सत्तर. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. तोंडातून सरळ बाहेर आलं. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी डोळे वटारले नाहीत. तेव्हा मला ते सगळं खरं वाटलं, तो येणार नाही हेही.